दोन बायका, एक कुत्री, एक बोका

घरमालक वरून खाली आला तेव्हा त्याच्या हातात मिठाईचा डबा होता. मला वाटलं, काहीतरी चांगली बातमी असणार. टोरांटोजवळच्या मिल्टनमध्ये त्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही भाड्याने राहत होतो. तो पंजाबी, माझ्याहून थोडा लहान, ट्रक चालवायचा आणि मला दीदी म्हणायचा. डबा टेबलावर ठेवून तो बसला नाही, उभाच राहिला.

"दीदी, बेटे की शादी पक्की हो गई."

"अरे वा! बधाई हो!"

"बहू आएगी, तो वो दोनों नीचे रहेंगे." एवढं बोलून त्याने मान खाली घातली. "आप आराम से ढूंढो. लेकिन शादी से पहले..."

माझ्या सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी हात पुसले, डबा उघडला, एक बर्फी त्याच्या हातावर ठेवली, एक मला दिली आणि म्हणाल्या, "लग्नाची बातमी आहे. आधी तोंड गोड करा. रडायचं ते मागाहून रडू." त्याला मराठी येत नव्हतं, पण कळलं असावं. बर्फी खाऊन तो गेला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि टेबलाखाली कुत्री बर्फीचा चुरा शोधत राहिली.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. सासूबाई अलिबागजवळच्या, मी ठाण्याची. माझा नवरा मला कॅनडात घेऊन आला, मग त्याने आईलाही आणलं. पुढे तेलाच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून तो कॅल्गरीला गेला. आधी दर महिन्याला यायचा, मग सणाला, मग नुसता फोन. शेवटी कळलं की तिथे त्याचं दुसरं घर झालंय, आणि आमचा घटस्फोट झाला. आमची क्रेडिट कार्डं दोघांच्या नावावर होती. त्याने भरणं बंद केलं, आणि माझ्या लक्षात येईपर्यंत त्याच्याबरोबर माझंही नाव खराब झालं होतं. त्याच हिवाळ्यात कामावरून येताना बसस्टॉपजवळ बर्फावरून माझा पाय घसरला आणि कंबर जी धरली ती सुटलीच नाही. जवळच्या ग्वेल्फ शहरातल्या एका बिस्किटांच्या कारखान्यात मी लॅबमध्ये होते. तिथे दिवसभर उभं राहावं लागे, तेच आता जमेना. नोकरी गेली आणि सरकारचा डिसेबिलिटीचा भत्ता सुरू झाला.

मुलाने सासूबाईंना कॅल्गरीला बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "नको रे, तिकडे थंडी फार." जशी काही मिल्टनला उन्हाळाच असतो! खरं कारण दोघींना माहीत होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

कुत्री काळी, अंगाने थोराड. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांची होती. ते वारल्यावर तिला नेणारं कुणी नव्हतं, म्हणून मी आणली. बोका तांबूस, एका कानाचा तुकडा उडालेला. तो सासूबाईंचा. कडाक्याच्या थंडीत घराबाहेर, ड्रायरची गरम हवा बाहेर टाकणाऱ्या नळीपाशी तो अंग चोरून बसलेला त्यांना सापडला होता. "डोकं आहे बघ याला," म्हणत त्यांनी त्याला पदराखाली घेतलं, आणि तेव्हापासून तो घरातल्या सगळ्यांवर हुकूम चालवू लागला.

असं हे चौघांचं कुटुंब घेऊन मी घर शोधायला निघाले.

सुरुवातीला मी हुशारी करत होते. कुणी विचारेल तेवढंच सांगायचं. फोनवर आवाज गोड ठेवायचा, घर बघायला जायचं, ओळख वाढवायची आणि मग हळूच एकेक गोष्ट काढायची. घरमालकही हळूहळूच विचारत. नोकरी कुठे? मग क्रेडिट स्कोअर किती? मग कुत्रा-मांजर आहे का? कुठे पहिल्या प्रश्नाला गाडं अडायचं, कुठे तिसऱ्या. भत्त्यावर जगणाऱ्याला त्या कारणावरून नाकारता येत नाही असं कायदा सांगतो, पण तसं तोंडावर म्हणतं कोण? "जागा गेली" म्हणतात, आणि थोड्या दिवसांनी तीच जाहिरात पुन्हा दिसते. मी बस बदलत जायची, दुखरी कंबर घेऊन परत यायची. सासूबाई दारातच माझा चेहरा बघून गरम पाण्याची पिशवी भरायला घ्यायच्या.

एक जागा मात्र मिळणारच असं वाटलं होतं. मिल्टनच्याच एका नव्या वसाहतीत पुण्याचं एक तरुण जोडपं होतं, दोघंही आयटीत. त्यांना बेसमेंट भाड्याने द्यायचं होतं. मराठी माणसं म्हणून मी सासूबाईंनाही बरोबर नेलं. त्या मुलीने चहा केला, चिवडा दिला. आमचं आडनाव ऐकून तिला नवल वाटलं.

"अय्या, तुम्ही ज्यू? आणि मराठी किती छान बोलता काकू!"

"मग काय बोलणार गं?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या सात पिढ्यांना दुसरं काही येतच नव्हतं."

सगळे हसले. घर उजेडाचं होतं, जिना बेताचा होता. मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही आलात तर आम्हालाही घरात मोठं माणूस असल्यासारखं वाटेल." मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच सगळं सांगून टाकलं. भत्ता, स्कोअर, कुत्री, बोका. मुलगी नवऱ्याकडे बघायला लागली. तो मुलगा चांगला होता. त्याने खोटं कारण दिलं नाही.

"ताई, राग मानू नका. आमचा मॉर्टगेजचा हप्ता भाड्यावर चालतो. एक महिना चुकला तरी आमची पंचाईत होते. तुम्ही चुकवाल असं नाही म्हणत मी, पण भीती वाटते."

"बरोबर आहे बाळ," सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या. मुलीने चिवड्याची पिशवी त्यांच्या हातात दिली. बसमध्ये त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्या जोडप्याला बोल लावतील. त्या म्हणाल्या, "चिवड्यात मीठ कमी आहे, पण मुलगी गुणाची आहे."

ओळखीतल्या बायका सल्ला द्यायच्या. कुत्री कुणाला तरी देऊन टाक, मांजराचं सांगूच नकोस, आधी घर तर मिळव. एकदा मी खरंच प्राण्यांच्या आश्रमाला फोन लावला. पलीकडच्या बाईने कुत्रीचं वय विचारलं आणि जरा थांबून म्हणाली, "एवढ्या वयाच्या कुत्र्याला कुणी नेईल असं मी खात्रीने नाही सांगू शकत." मी फोन ठेवला आणि मागे वळले तर सासूबाई उभ्या. दुपारी भाजी निवडताना म्हणाल्या, "मी एक विचार केलाय."

"काय?"

"मला म्हाताऱ्यांच्या त्या सरकारी घरात नाव घालून टाक. तू एकटी असलीस की तुला एखादी खोली मिळेल. एकट्या बाईला देतात लोक. कुत्रीही राहील मग तुझ्याजवळ."

"आणि बोका?"

"त्याला मी पिशवीत घालून नेईन लपवून."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. मी म्हटलं, "आई, तुम्ही मुलाला सोडून माझ्याजवळ राहिलात. आता मी तुम्हाला सोडून कुत्री घेऊन राहू?"

"त्यात काय, कुत्री कमी बोलते."

"कुणी कुठे जाणार नाही," मी म्हटलं. "घर मिळेल तर चौघांना मिळेल." बोलले खरी, पण कसं मिळेल याची काहीच कल्पना नव्हती. त्यांनी पालकाची जुडी माझ्यासमोर ठेवली आणि देठं खुडायला लावली. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

गावच्या लायब्ररीत आठवड्यातून एकदा घर शोधणाऱ्यांना मदत करायला एक बाई बसायच्या. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्ही लोकांना कधी सांगता?"

"शेवटी."

"म्हणजे त्यांना वाटतं तुम्ही लपवत होता. सुरुवातीलाच सांगा. पुष्कळजण नाही म्हणतील, पण तुमची पायपीट वाचेल. जो फोन ठेवणार नाही, त्याच्याकडेच जा." मग त्यांनी मला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. मी तशी विनंती केली तर घरभाडं माझ्या हातात न येता भत्त्यातून परस्पर घरमालकाकडे जाऊ शकतं. "स्कोअर बघणाऱ्याला हे आवर्जून सांगा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी तसं करायला लागले. सासूबाई चहाचा कप घेऊन समोर बसायच्या आणि मी एका दमात म्हणायची, "घर दाखवण्याआधी ऐका. मी डिसेबिलिटीवर आहे. घटस्फोटात माझं क्रेडिट खराब झालंय. माझ्यासोबत माझी सासू, एक म्हातारी मोठी कुत्री आणि एक बोका आहे. भाडं कधीच थकलेलं नाही, आणि पुढेही ते थेट तुमच्याकडे येईल. माझ्या घरमालकाला खुशाल विचारा." बरेच जण मधेच तोडायचे. एकाने तर हसून "गुड लक" म्हटलं. पण गंमत अशी, की मला बरं वाटायला लागलं. नकार यायचे ते घरबसल्या, कपात चहा असताना यायचे. सासूबाई म्हणायच्या, "हं, पुढचा लाव."

ग्वेल्फच्या एका जाहिरातीवर फोन केला तेव्हा एका बाईने उचलला. मी माझं पाठ केलेलं बोलून दाखवलं.

"हे सगळं एकाच माणसाचं आहे?" तिने विचारलं.

"हो."

"खरं सांगायचं तर मी नाहीच म्हणणार होते. पण घर माझ्या वडिलांचं आहे आणि फोन स्पीकरवर आहे. ते विचारतायत, कुत्री किती मोठी?"

"बरीच मोठी."

मागून एक घोगरा आवाज आला, "आण तिला. तिला आण!"

मोठी कुत्री बसमध्ये घेईनात. आमचा पंजाबी घरमालक म्हणाला, "मैं छोड़ देता हूँ." त्याच्या गाडीत मागे कुत्री, तिच्या शेजारी मी, पुढे ताठ बसलेल्या सासूबाई. बोक्याला मात्र घरीच ठेवलं. तो पहिल्या भेटीत चांगला वागेल याची खात्री कुणीच देईना.

घर जुनं, विटांचं. मागच्या बाजूला वेगळ्या दाराच्या दोन खोल्या, तळमजल्यावर, एकही पायरी नाही. पायऱ्या नाहीत हे बघूनच माझी कंबर हे घर मागायला लागली. म्हातारे इटलीहून तरुणपणी आलेले, गवंडीकाम केलेले. ऐंशीच्या घरातले असावेत. मला नमस्कार-चमत्कार काही न करता ते थेट कुत्रीजवळ आले, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि आम्हाला घेऊन परसात गेले. तिथे भाज्यांचे वाफे होते आणि अर्ध्या वाफ्यांतली पानं कुरतडलेली.

"ससे!" ते म्हणाले. "सगळं खातात. कुत्री असली की येणार नाहीत."

म्हणजे त्यांना राखणदार हवा होता. मी तोंड उघडणार, तोच सासूबाई त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "धिस डॉग नो रन. ओल्ड. लाइक मी."

मी डोळे मिटून घेतले. नेमका तेव्हाच वाफ्यातून एक ससा निघून कुंपणाकडे गेला. कुत्रीने त्याच्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि गवतावर आडवी झाली. म्हातारे आधी कुत्रीकडे, मग सासूबाईंकडे बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

"निदान खोटं तरी बोलत नाहीत," ते मुलीला म्हणाले.

सासूबाईंचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलं होतं. एका झाडाची शेंग त्यांनी बोटांनी चाचपली. "अगं, हा तर वालाचाच भाऊ! पण केवढा धिप्पाड!" म्हाताऱ्यांनी शेंग तोडून सोलून दाखवली. मग दोघं त्या दाण्यांवर बोलत बसले, त्या मराठीत, ते इटालियनमध्ये, अधूनमधून इंग्रजी शब्द. सालं काढायची की नाही, यावर त्यांचं काहीतरी वाजलंही.

मुलगी मला आत खोलीत नेऊन म्हणाली, "बाबांचं सोडा, त्यांना सगळेच आवडतात. हिशेब मला बघावा लागतो. तुमचा स्कोअर खरंच वाईट आहे."

"आहे," मी म्हटलं. "तो आकडा बदलायला वेळ लागेल. पण भाडं थेट येईल, आणि मी कशी राहते ते सांगणारा माणूस बाहेर गाडीत बसलाय. मी येत नाही, तुम्ही एकट्याच जाऊन विचारा."

ती गेली. खिडकीतून मला दिसत होतं, ती गाडीच्या काचेशी वाकून बोलत होती. आमचा घरमालक खाली उतरला आणि हात हलवत बरंच काही सांगत होता. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा जरा मऊ झाला होता. "तो म्हणतो, मुलाचं लग्न ठरलं नसतं तर त्याने तुम्हाला सोडलंच नसतं. बायको इंडियाला गेली होती तेव्हा तुमच्या सासूने त्याला रोज जेवायला घातलं म्हणे. पण भाड्याचं मी विचारलं तर म्हणाला, ते कधी मागायची वेळच आली नाही." तिने मला "कळवते" म्हणून सांगितलं.

'कळवते' या शब्दाचा मला चांगलाच अनुभव होता. संध्याकाळी तिचा फोन आला, की आणखी एक जोडपं घर बघून गेलंय, दोघांना नोकऱ्या आहेत, प्राणी नाहीत, आणि तिला विचार करायला वेळ हवाय. मी "समजू शकते" म्हटलं आणि खरंच समजू शकत होते. तिच्या जागी मी काय केलं असतं, कोण जाणे. पुढचे काही दिवस मी बाकीचे फोन लावत राहिले, पण मन त्या बिनपायऱ्यांच्या दारात अडकलेलं. सासूबाई एकदा म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला सांगायला हवं होतं, शेंगेला नारळ लागतो."

मग एका सकाळी फोन वाजला. तोच घोगरा आवाज.

"सामान कधी आणता? शनिवारी या."

मी म्हटलं, "पण तुमची मुलगी... ते दुसरं जोडपं..."

"ते आले, फोनमध्ये बघत उभे राहिले, गेले. परसात कुणी पाऊल टाकलं नाही. मुलीशी मी बोललोय. ती म्हणते, भाडं थेट येणार असेल तर चालेल. शनिवारी या."

"हो, हो, शनिवारी," मी म्हणाले, आणि एवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"नो सॅटरडे," त्या म्हणाल्या. "सॅटरडे शब्बाथ. संडे."

शनिवार हा आमचा विसाव्याचा पवित्र दिवस, हे खरं, पण मी कपाळाला हात लावला. इतके महिने आम्ही लोकांच्या विनवण्या करत होतो, आणि घर मिळालं तर बाई तारीख बदलून मागत होत्या! फोनमधून म्हाताऱ्यांचा आवाज मलाही ऐकू आला.

"संडे मी चर्चला जातो."

"ओके. आफ्टर चर्च."

"आफ्टर चर्च," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. सासूबाईंनी फोन माझ्या हातात देऊन विचारलं, "काय? शब्बाथ मोडून घरात शिरायचं?" मी त्यांना मिठी मारली. त्यांना मिठ्या मारलेल्या आवडत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी मारू दिली.

रविवारी पंजाबी घरमालकाने मित्राची मोठी व्हॅन आणली आणि सामान स्वतः चढवलं. निघताना त्याची बायको रडली, मीही रडले. नव्या घरात पोचताच बोका पिंजऱ्यातून निघून वॉशिंग मशीनच्या मागे शिरला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर आला नाही. आला तो थेट खिडकीत जाऊन बसला आणि सशांवर डोळे लावले. म्हाताऱ्यांना राखणदार मिळाला, फक्त त्यांनी मागितला होता त्याहून लहान मिळाला.

घर लागल्यावर आम्ही मलिदा केला. आमच्यात शुभकार्याला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करतात. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. टोरांटोहून आमच्या समाजातली दोन कुटुंबं आली. म्हाताऱ्यांना आणि त्यांच्या मुलीलाही बोलावलं. प्रार्थनेत नाव ऐकून म्हाताऱ्यांनी मला कोपराने ढोसलं. "एलिया? तो आमच्याकडेही आहे!" आणि त्यांनी ताट दोनदा भरून घेतलं. मुलगी थोडी मागे उभी होती. जाताना मला म्हणाली, "पहिल्या महिन्याचं भाडं वेळेवर आलं." मग स्वतःच ओशाळून हसली. "हे बोलायची ही वेळ नव्हती. पोहे छान होते."

"बोला की," मी म्हटलं. "मलाही ऐकायला बरं वाटलं."

आता आमचा इथला पहिला हिवाळा चाललाय. बाहेरचं बर्फ म्हाताऱ्यांनी लावलेला माणूस शोव्हल करून जातो, मला फावडं उचलावं लागत नाही. घरबसल्या करण्यासारखं थोडं कामही मिळालंय, आठवड्यातले काही तास. कंबर म्हणेल तेव्हा उठते, म्हणेल तेव्हा आडवी होते. स्वयंपाकघरात जमिनीवर एका जागी गरम हवेची जाळी आहे, आणि कुत्रीने ती पहिल्याच थंडीत आपल्या मालकीची केलीय. ओट्यापासून टेबलापर्यंत जायचं तर तिला ओलांडूनच जावं लागतं. सासूबाई हातात गरम पातेलं घेऊन तिला म्हणतात, "सरक गं बाई जरा." ती सरकत नाही. मग त्याच पाय उचलून पलीकडे जातात.